गोळीचा खर्च आणि खाटेचा खर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, काहीसे संक्षिप्त करून.)



माझी उमेदीची वर्षे अर्थशास्त्र शिकविण्यात गेली आणि निवृत्तीची वर्षे मधुमेह सांभाळण्यात चालली आहेत. तेव्हा आजच्या विषयावर बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे, असे मी मानतो.

गेल्या वर्षी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत माझ्यापुढे एक शेतमजूर बाई उभ्या होत्या. साठा कमी म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या त्यांना दहाच दिवसांच्या मिळाल्या. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "मास्तर, महिन्यात तीनदा यायचं म्हंजी तीन दिसांचा रोज बुडाला. त्यापरीस गोळी नगं." महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील उपचार मोफत आहेत. गोळी फुकट होती, आणि तरीही ती या बाईंना परवडत नव्हती. केंद्राच्या वहीत जी बचत दिसली, ती त्यांच्या मजुरीतून झाली होती. खर्चाचे नियंत्रण हा शब्द ज्या ज्या वेळी आपल्या कानी येईल, त्या त्या वेळी आपण पहिला प्रश्न विचारावयास हवा तो हा : कोणाच्या खर्चाचे?

प्रश्नाचा आवाका लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. ही दुखणी बहुधा जन्माची सोबत करतात. ती बोलत नाहीत. आतल्या आत मूत्रपिंड, डोळे, हृदय, मेंदू पोखरतात. त्यांवरची औषधे मात्र जुनी आणि स्वस्त आहेत. मेटफॉर्मिन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांचे पेटंट केव्हाच संपले आहे. म्हणजे अडचण विज्ञानाची नाही, व्यवस्थेची आहे.

आपली व्यवस्था पैसा ओतते तो खाटेवर. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. पाय कापावा लागला तर सरकार पैसे भरील. पाय वाचविणारी रोजची गोळी या विम्यात बसत नाही. शस्त्रक्रिया वा डायालिसिस नको, असे मी म्हणत नाही. ज्याला गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजे. परंतु २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातील आरोग्यावरच्या दर १०० रुपयांपैकी सुमारे ३९ रुपये लोक थेट खिशातून देतात, हे ध्यानात घेतले म्हणजे विम्याच्या मोठ्या आकड्याचा मोह थोडा ओसरतो.

यावर बाजारवादी मंडळी दोन उपाय सुचवितात. पहिला उपाय असा की, रुग्णाकडून थोडे शुल्क घ्यावे, म्हणजे उधळपट्टी थांबेल. अमेरिकेत रँड संस्थेने १९७० च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात याची कसोटी लागली. शुल्क लावल्यावर लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही सोडले. सरासरी माणसाच्या प्रकृतीत फारसा फरक दिसला नाही, हे खरे. पण मोफत उपचार मिळालेल्या गरीब रुग्णांचा रक्तदाब अधिक आटोक्यात राहिला. झळ लागली ती गरिबालाच. दुसरा उपाय असा की, कंपन्यांना आजाराचे व्यवस्थापन द्यावे. तेथील मेडिकेअर योजनेने २००२ पासून असे १५ कार्यक्रम तपासले. २००९ साली निष्कर्ष आले : रुग्णालयातील दाखले लक्षणीयरीत्या घटले ते एकाच कार्यक्रमात, आणि निव्वळ बचत एकाचीही झाली नाही. थोडेफार साधले ते जेथे परिचारिका रुग्णाला समक्ष भेटत होत्या तेथे.

याच्या उलट एक उदाहरण आहे. दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरूग हे कोळसा खाणकामगारांचे गाव. तेथे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या समाजवादी डॉक्टरने रुग्ण येण्याची वाट न पाहता साऱ्या गावाचा रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांनंतर शेजारच्या तशाच गावाच्या तुलनेत तेथील ६५ वर्षांखालील मृत्युमान एक-चतुर्थांशाहून अधिक कमी आढळले. गरज जेथे सर्वांत जास्त तेथेच चांगली सेवा सर्वांत कमी, हा 'व्यस्त सेवेचा नियम' १९७१ साली मांडणारे हेच ते गृहस्थ.

आपल्याकडेही हे घडू शकते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रारंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरावीक सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकांवर अधिक जबाबदारी, घराजवळ सेवा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढीच त्याची सूत्रे. नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. उरलेल्यांत मोठा वाटा होता तो पुन्हा न आलेल्यांचा. रांगेतल्या बाई आठवा, म्हणजे ते का आले नाहीत याचा अंदाज येईल.

येथे एक सावधगिरीचा शब्द. यामुळे सरकारचा पैसा वाचेल, असा युक्तिवाद आपण करू नये. जगलेल्या माणसाला उद्याही औषध लागते. तिजोरीवरचा भार कदाचित वाढेलही. २०१७ च्या आरोग्य धोरणाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. आपली मागणी बचतीची नसून न्यायाची आहे : तोच रुपया आधी गोळीवर खर्च व्हावा, आणि भार रोजंदारीवरून तिजोरीवर यावा.

आता आपल्याविषयी. रुग्णालयासाठी आपण मोर्चे काढले, रुग्णवाहिकेसाठी उपोषणे केली. गोळ्यांच्या साठ्यासाठी आपण कधी निवेदन तरी दिले का? खाट डोळ्यांना दिसते, तिचे उद्‌घाटन होते. गोळीचे होत नाही. मी आपल्याला मोठे काम सांगत नाही. आपापल्या आरोग्य केंद्रात जा. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस नव्हत्या, ते साठ्याच्या नोंदवहीत पाहा. स्थिर रुग्णाला एका भेटीत निदान ३० दिवसांच्या गोळ्या आणि त्याही उपकेंद्रावर, ही मागणी जिल्हा परिषदेपुढे लावून धरा. न आलेल्यांच्या यादीवरून आशाताईंना घरी जावे लागते, त्या कामाचा योग्य मोबदला त्यांना मिळावा यासाठी त्यांच्या पाठीशी उभे राहा.

त्या बाई पुढच्या महिन्यात मला रांगेत दिसल्या नाहीत. त्या गोळी सोडून कामावर गेल्या असतील, तर तो दोष त्यांच्या अडाणीपणाचा नाही. त्यांचा हिशेब बरोबर होता. चूक आपल्या व्यवस्थेच्या हिशेबात आहे, आणि ती दुरुस्त करून घेणे हे आपले काम आहे.