छायाचित्राचा कागद



अंधारखोलीचे नाव निघाले की आमच्या वयाची माणसे हळवी होतात आणि तरुण मंडळी सौजन्याने ऐकून घेतात. तेव्हा हळवेपणा बाजूला ठेवूनच बोलू. अंधारखोली गेली, संगणक आला. या उलथापालथीत आपल्या घरातले नेमके काय बदलले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम ती खोली पाहू. लाल दिव्याच्या उजेडात एन्लार्जरखाली कागद ठेवायचा, निगेटिव्हमधून त्यावर मोजून काही सेकंद प्रकाश पाडायचा, आणि तो कोराच दिसणारा कागद डेव्हलपरच्या तबकात बुडवायचा. मिनिटभरात कपाळ, डोळे, टोपीची कड वर येऊ लागे. मग आम्लाचे पाणी, मग हायपो, मग वाहत्या पाण्यात धुणे. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवले होते. छायाचित्र टिकवण्याकडे त्याचा उपयोग १८३९ मध्ये झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ मध्ये, म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार मागाहून आली असे नाही. चेहरा काळवंडू नये म्हणून छापणारा प्रकाशात पुठ्ठ्याचा तुकडा हलवत धरी. किती वेळ हलवायचा, हे त्याचा हातच जाणे.

ही खोली संगणकाने बंद पाडली, असे सर्रास म्हणतात. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. पहिला घाव घातला रंगाने. कृष्णधवल कागदाला लाल उजेड कळत नाही. रंगीत कागदाला सगळेच रंग कळतात. त्याला जवळजवळ पूर्ण काळोख हवा, आणि रसायनाचे तापमान जरा इकडे तिकडे झाले की रंग बिघडलाच. गावच्या स्टुडिओला हे झेपेना. तो रंगीत रोल शहरातल्या लॅबकडे पाठवू लागला, तेव्हाच खोलीच्या दाराला कुलूप लागू लागले.

पुढे संगणक आला. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये उचलून नेता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. फुजीने १९९६ मध्ये फ्राँटियर नावाचे छपाईयंत्र आणले. त्यात संगणकातले चित्र लेझरच्या किरणांनी कागदावर उमटे; पण कागद चांदीच्या क्षारांचाच, आणि रसायनांची आंघोळही त्याला चुकली नाही! शाईचे फवारे मारणारी यंत्रे निराळी. तेव्हा डिजिटल म्हणून घरी आणलेल्या पुष्कळ प्रती वस्तुतः चांदीच्याच आहेत.

मग बदलले काय? निगेटिव्हमध्ये माणूस धड ओळखू येत नसे. केस पांढरे आणि दात काळे. बारशाचा फोटो पाहायचा तर तो छापावाच लागे. आता चित्र पडद्यावर आधीच दिसते, पाहण्याची हौस तिथेच फिटते आणि छापणे राहून जाते. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत तसबीर हवी असते. मुलगा फोन धुंडाळतो. हजार चित्रांत एकच नीट सापडते, आणि तेही निरोपांतून फिरत फिरत इतके बारीक झालेले असते, की मोठे करताच चेहऱ्याचे चौकोन दिसू लागतात. आठ बाय दहा इंचांच्या प्रतीला इंचास ३०० ठिपके धरले, तर ७२ लाख ठिपके हवेत. पूर्वी अशा वेळी स्टुडिओवाला ट्रंकेतून क्रमांक घातलेले पाकीट काढी.

अर्थात त्या काळी गरिबाच्या घरी जन्मात एखादाच फोटो निघे. आज शेतमजूर बाईच्या हातीही कॅमेरा आहे, आणि हा लाभ आम्ही लहान मानत नाही.

राहता राहिली ती पाकिटे. फिल्ममधल्या चांदीपायी निगेटिव्ह भंगारात जातात. वास्तविक तीच निगेटिव्ह स्कॅनरवर चढवली, तर उलटी छाया क्षणात सुलटी होते आणि अंधारखोलीवाचून सुरेख प्रत निघते. आपल्या गावात ज्यांनी स्टुडिओ आवरले, त्यांच्या माळ्यावर अशा पेट्या अजून असतील. त्यांना एकदा विचारून पाहावे. पावसाळा तोंडावर आला आहे, आणि फिल्मवरचा जिलेटिनचा थर बुरशीला फार आवडतो.