बारबेल, तुकडी आणि प्रशिक्षकाची नजर
(मंठा येथे तरुण व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारबेलचे नाव काढताच मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी पालकांच्या मनात तीन शंका हमखास उभ्या राहतात. मुलाची उंची खुंटेल, कंबर जाईल आणि शाकाहारावर हा भार पेलणार नाही. या शंकांना हसण्याचे कारण नाही. मार्गदर्शक नसलेल्या व्यायामशाळेत कंबर धरून बसलेला एखादा मुलगा प्रत्येकाने पाहिलेला असतो. मात्र अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आपल्या २०२० च्या अहवालात योग्य देखरेखीखालील बलव्यायामाने मुलांची वाढ खुंटत नाही, असेच सांगितले आहे. या वाक्यातील ‘देखरेख’ हा शब्दच आजचा विषय होय.

समूहाने व्यायाम करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. जोर, बैठका, लेझीम यांत शंभर जणांना एकच हुकूम पुरतो. बारबेलचे तसे नाही. हुकूम एक असला तरी प्रत्येकाचे वजन निराळे. येथेच प्रशिक्षकाची खरी कसोटी लागते.

समजा, बारा मुले आहेत आणि बारबेल तीन. जाणता प्रशिक्षक साधारण सारख्या उंचीच्या व ताकदीच्या चौघांची एक तुकडी करतो. एक जण उचलतो, दुसरा तयारीत उभा राहतो, उरलेले दोघे चकत्या बदलतात, दोन्ही टोकांचे अटकाव घट्ट आहेत की नाही ते पाहतात आणि स्क्वॅट असेल तर दोन्ही बाजूंना आधाराला थांबतात. त्यामुळे प्रत्येकास दोन-तीन मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते आणि कोणी रिकामा बसून गप्पा मारीत नाही. प्रशिक्षकाने मध्यभागी उभे राहू नये. तिन्ही तुकड्या एका नजरेत येतील असा कोपरा धरावा. सूचनाही एका वेळी एकच द्यावी. ‘छाती वर’ म्हटल्यावर लगेच ‘टाचा टेकवा, श्वास धरा, गुडघे बाहेर’ असा भडिमार केला की मुलाच्या हातून एकही गोष्ट धड होत नाही.

स्पर्धेची पुरुषांची दांडी रिकामीच २० किलोची असते, स्त्रियांची १५ किलोची. म्हणून पहिले काही दिवस साधी लाकडी काठीच हाती द्यावी. वजन वाढवायचे ते अडीच किलोंनी, आणि तेही मागील सर्व आवर्तने नीट झाल्यावरच. तुकडीतील सर्वांत बलवान मुलाने दुसऱ्यांचे वजन ठरवू नये. बहुतेक दुखापती या चढाओढीतून होतात. दमसासाचे व्यायाम शेवटी घ्यावेत आणि ते सोपे असावेत. थकलेल्या मुलाकडून डोक्यावर जड वजन उचलवून घेणे याला शिस्त म्हणत नाहीत.

लहान गावात हे जमते काय, असे कोणी विचारील. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडकडे पाहावे. जैन समाजाची मोठी वस्ती असलेला हा परिसर. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघा कुरुंदवाडकरांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदके मिळविली. एका गावातून एकाच स्पर्धेत तीन पदके येतात, तेव्हा त्यामागे एकमेकांना सावरणारी तालीम असते. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळविले. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूस २४९ किलोंवर गेले. १३९ किलोंच्या प्रयत्नात संकेतचा कोपर दुखावला होता. एका किलोचे मोल आणि शरीराची मर्यादा, दोन्ही एकाच दिवशी दिसली.

मुलींना यातून वगळण्याचे काही कारण नाही. २००० साली सिडनीत महिला वेटलिफ्टिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश झाला आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरीने भारतासाठी कांस्यपदक आणले.

राहिला आहाराचा प्रश्न. साठ किलो वजनाच्या सामान्य माणसास दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित वजन उचलणाऱ्यास नव्वदच्या आसपास लागतात. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे बावीस, शेंगदाण्यात पंचवीस आणि सोयाबीनमध्ये पस्तीसहून अधिक ग्रॅम प्रथिने असतात. दूध, दही, पनीर निराळेच. सोयाबीन तर आपल्याच शिवारात पिकते! अडचण आहे ती वेळेची. चौविहार पाळणाऱ्या मुलास रात्री सातच्या तुकडीत घातले, तर व्यायामानंतर त्याला सकाळपर्यंत अन्नपाणी दोन्ही नाही. अशा मुलांची तुकडी सकाळचीच असावी; जालना जिल्ह्यातील उन्हाळ्यातही तीच वेळ सोयीची. पर्युषणात उपवास असेल त्या दिवशी बारबेलला हात लावू नये. पारण्यानंतर पहिले दोन-तीन दिवस निम्म्या वजनावर घालवावेत, आणि कोणाचा उपवास आहे हे प्रशिक्षकाने सराव सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण मुले ते स्वतःहून सांगत नाहीत.