आधी त्यांचं ऐकून घेऊ या

आम्ही बचत गटाच्या बाया. बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज यांचाच हिशेब मांडतो. बारावीच्या निकालानंतरच्या बैठकीत मात्र वही बंदच राहिली.

गटातल्या एका ताईंचा मुलगा नापास झाला होता. आठ दिवस तो धड जेवला नव्हता, रात्र रात्र जागा असायचा, मित्र दारात आले तरी बाहेर यायचा नाही. ‘मी नसतो तर बरं झालं असतं,’ असं एकदा बोलून गेला. ताई म्हणाल्या, “मी त्याला दटावलं, असं अभद्र बोलू नये.”

आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं. ‘शेजारच्या पोराकडे बघ’, ‘तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ ही वाक्यं आमच्याही तोंडातली. त्यानं पोर गप्प होतं, दुःख तसंच राहतं.

जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी आम्हाला समजावलं. पोराशेजारी निवांत बसा. मध्ये न बोलता ऐका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही आपली समजूत चुकीची आहे. उलट मन मोकळं करायला वाट मिळते. ‘हो’ म्हणालं, तर रागावू नका, एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, किल्ली आपल्याकडे. लगेच डॉक्टरांची मदत घ्या.

ताईंनी त्या रात्री विचारलं. पोर तासभर रडलं, मग बोललं. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी त्यांच्यासोबत रुग्णालयात गेल्या. उपचार चालू आहेत. सगळं एका दिवसात ठीक होत नाही. पण आता तो जेवतो, आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज त्यानं स्वतः भरला.

लिहून घ्या : टेली मानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पोरानं करावा, आईनंही करावा. जिवाला धोका वाटला, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

आणि हो, त्या आठ दिवसांत ताईंनाही झोप नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून आता बैठकीत वही उघडण्याआधी आम्ही एकमेकींना विचारतो, “घरी कसं आहे?” तुम्हीही विचारा. आज रात्री जेवताना, आपल्या पोरांना.