पाणी कोणाचे, नियम कशासाठी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बजावून सांगितलं आहे, "काका, दहा मिनिटं बोला, पण व्याजदरावर नको." म्हणून विषय घेतला तो आपल्या गच्चीवरून दिसणारा. पवई तलाव.

गेल्या पावसाळ्यात आपल्या इमारतींमधली चार मुलं गळ घेऊन तलावाच्या कडेला उतरली होती. दोघं तर गुडघाभर पाण्यात. सुरक्षारक्षकाने पाहिलं, हाकललं, मुलं सुखरूप घरी आली. त्यानंतर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस धुमश्चक्री झाली आणि शेवटी महापालिकेला द्यायचा अर्ज तयार झाला, की तलावावरची सगळी मासेमारी कायमची बंद करा. त्या अर्जावर माझी सही नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. का नाही, ते आज सांगतो.

आपल्या शेजारी तीन तलाव आहेत. विहार, तुळशी आणि पवई. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. ही दोन्ही मुंबईकरांच्या पिण्याची पाणी, राष्ट्रीय उद्यानाच्या आत. तिथे पोहणं सोडा, विनापरवानगी काठाशी जाणंही नाही, आणि ते बरोबरच आहे. नळाला येणारं पाणी म्हणजे लाखो लोकांची सामायिक ठेव. त्यात कोणी पाय धुवायचे नाहीत, एवढं कळायला कायद्याचं पुस्तक लागत नाही.

पवईची गोष्ट वेगळी. १८९० च्या सुमारास हा तलाव बांधला तोही पाणीपुरवठ्यासाठीच. पण पाणी पिण्याजोगं ठरलं नाही. आज ते औद्योगिक आणि इतर कामांना वापरतात. तलाव भरला की साधारण ५४५ कोटी लीटर पाणी साठतं आणि सांडव्यावरून वाहून मिठी नदीला मिळतं. दरवर्षी पावसाळ्यात पेपरात फोटो येतो आणि आपण कौतुकाने एकमेकांना पाठवतो. म्हणजे इथे पोहायला मनाई आहे ती पिण्याच्या पाण्यासाठी नव्हे. ती आपल्याच जिवासाठी आहे.

इथे जरा थांबून सांगतो, कारण पाटीवर फक्त "पोहण्यास सक्त मनाई" एवढंच असतं आणि पंधरा वर्षांच्या मुलाला "सक्त" या शब्दाचं काहीच वाटत नाही. एक, या तलावात मगरी आहेत. ही अफवा नव्हे. काठावर ऊन खात पडलेल्या कित्येकांनी पाहिल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना सर्वांत वरचं संरक्षण आहे. मादी उन्हाळ्यात अंडी घालते, पावसाच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येतात आणि ती त्यांची राखण करते. नेमके तेच दिवस आपल्या मुलांच्या सुट्टीचे. दोन, जलपर्णी. वरून हिरवीगार चादर, खाली मुळांचा गुंता. त्यात पाय अडकला की चांगला पोहणाराही गोंधळतो. तीन, तळाशी वर्षानुवर्षं साठलेला गाळ. गुडघाभर वाटलेलं पाणी पुढच्या पावलाला छातीपर्यंत येतं, आणि गाळात रुतलेला पाय जोर लावला की आणखी आत जातो. सांडपाणी येतं ते वेगळंच. त्याच्यावर बोलायला बसलो तर सेक्रेटरीसाहेब चिठ्ठी पाठवतील.

आता मासेमारी. पवईच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था आहे. तिचे सभासद रीतसर गळाने मासे धरतात. रोहू, कटला, मृगळ. पुष्कळ जण धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. परवाना नसताना जाळं टाकणारे वेगळे, त्यांच्यावर कारवाई व्हावी, दुमत नाही. पण तासन् तास पाण्याकडे बघत बसणारा गळवाला हा तलावाचा फुकटचा पहारेकरी आहे. पाण्याचा रंग बदलला, मासे मरून वर आले, तर पहिल्यांदा त्यालाच दिसतं. छत्तीस वर्षं बँकेत काढली. एक कर्जदार बुडवा निघाला म्हणून शाखेला कुलूप लावा, असं कोणी म्हणालं नाही. आपल्या मुलांना हौस असेल तर मोठ्यांनी रीतसर परवानगीची चौकशी करावी आणि सोबत जावं. आपल्या अर्जातलं "सगळी मासेमारी" काढून "विनापरवाना मासेमारी" घाला, मी आज सही करतो.

तलावाचं एवढं पुरे. पण आपली मुलं रविवारी जुहूलाही जातात, आणि तिथला धोका तलावापेक्षा लबाड. समुद्र सहा तासांनी मन बदलतो. माझं लहानपण कोकणात गेलं. आमच्याकडे भरतीची वेळ घड्याळाने नाही, तिथीने सांगत. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि ती उधाणाची, सर्वांत मोठी. मुलांनो, ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे, मोबाइल न काढता करून बघा. अर्थात हा अंदाज. नेमकी वेळ महापालिका जाहीर करते, आणि साडेचार मीटरच्या वरच्या लाटांचे दिवस पावसाळ्याआधीच पेपरात येतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रामुळे. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते कोळी बांधव होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, आणि आपण नेमके तेव्हा चपला हातात घेऊन पाण्यात शिरतो! २०२२ च्या जुलैत तर महापालिकेला ऑरेंज आणि रेड अलर्टच्या दिवशी किनाऱ्यावर सकाळी ६ ते १० एवढाच वेळ ठेवावा लागला होता. लाल झेंडा दिसला की पाण्यात नाही, मग कोणी कितीही पट्टीचा पोहणारा असो.

आणि एक गोष्ट आई-वडिलांनी मुलांकडून पाठ करून घ्यावी. मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारायची नाही. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोघं जातात. ओरडायचं, दोर, काठी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताला येईल ते फेकायचं, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

आमच्या वेळी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलून देत. दोन दिवसांत पोहणं यायचं, नाही आलं तर तिसऱ्या दिवशी पुन्हा ढकलत. तसं आता करता येणार नाही, तुमच्या सुनबाई पोलिसांत जातील. पण महापालिकेचे जलतरण तलाव दादरला आहेत, चेंबूरला आहेत, कांदिवलीला आहेत. समितीपुढे माझी सूचना अशी आहे, की रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून ऑर्केस्ट्राची एक रात्र कमी करावी आणि त्या पैशात आठ वर्षांवरच्या मुला-मुलींना पोहायला शिकवण्याची बॅच लावावी. मुलींची नावं आधी घ्यावीत, कारण आपण त्यांना पाण्यापासून लांब ठेवतो आणि मग सहलीत त्याच सर्वांत घाबरतात. सोबत जायला दोन निवृत्त माणसं लागतील. एक मी आहे. दुसऱ्याने भाषण संपल्यावर भेटावं. नावनोंदणीची वही उद्यापासून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे, पेन मात्र आपापलं आणा.