रानपिंगळा आपला दुश्मन नाही

(तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. जे मेळाव्याला येऊ शकले नाहीत त्यांच्या पाड्यावर कार्यकर्त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावा.)



आज आपण वनजमिनीच्या दाव्यांचं बोलायला जमलो आहोत. गावसमितीपुढे कोणाचा दावा गेला, कोणाचा अडला, ते सगळं दुपारनंतर होईलच. पण त्याआधी आम्हाला एका पक्ष्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. या पक्ष्याचा आणि आपल्या जमिनीचा संबंध आहे, म्हणूनच बोलतोय.

मागच्या महिन्यात एका पाड्यावर बैठक होती. लोक घाबरलेले होते. नाक्यावरच्या गार्डने सांगितलं होतं, "त्या पिंगळ्यासाठी इथे अभयारण्य होणार. तुमचे प्लॉट जाणार." कागद कोणालाच दाखवला नव्हता. पण भीतीला कागद लागत नाही. तेवढ्यात एक तरुण पोरगा उठला आणि म्हणाला, "मग पिंगळाच मारून टाकू ना. तोच नाही राहिला तर अभयारण्य कशाचं?" काही जण हसले, काहींनी माना हलवल्या. आम्हाला त्या वेळी नीट उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आम्ही आपसात बरंच बोललो. ते उत्तर आज सगळ्यांपुढे ठेवतो.

आधी पक्षी ओळखून घ्या. गावात, आंब्याच्या झाडावर, पडक्या भिंतीत दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, आणि तो जास्त करून संध्याकाळी बाहेर पडतो. आपण बोलतोय तो रानपिंगळा. अंगाने साधारण तेवढाच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरं, पाय आणि नख्या दांडग्या. आणि हा दिवसा हिंडतो. सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, शेपटी हलवतो. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ हे त्याचं खाणं. अंडी घालतो जुन्या झाडाच्या ढोलीत. खरं सांगायचं तर दोन्ही पिंगळ्यांतला फरक आम्हालाही पाच वर्षांपूर्वी माहीत नव्हता.

आता त्याची गोष्ट ऐका. ती आपल्याच मुलखातली आहे.

इंग्रजांच्या काळात, १८७२ साली, या पक्ष्याचा पहिला नमुना छत्तीसगडकडे मिळाला. ब्लूविट नावाच्या माणसाने तो मिळवला, आणि १८७३ साली ह्यूम नावाच्या साहेबाने त्याला ब्लूविटचंच नाव दिलं. पुढे १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन नावाचा सरकारी अधिकारी खानदेशात होता. त्याने आपल्या शहादा-तळोद्याच्या बाजूला आणखी काही पक्षी मारून विलायतेला पाठवले. साऱ्या जगात मिळून या पक्ष्याचे सातच नमुने, आणि त्यातले जास्त करून आपल्या इथले. १८८४ नंतर मात्र कोणा अभ्यासकाला तो दिसला नाही. सालीम अली आणि अमेरिकेचे रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या लोकांनीही शोधला, मिळाला नाही. शेवटी लोक म्हणायला लागले, हा पक्षी संपला.

मग २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तीन अमेरिकन शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी फिरत होते. तिथे सकाळच्या उन्हात तो बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी! साऱ्या जगात बातमी झाली. आम्ही एका पाड्यावरच्या डायाला ही गोष्ट सांगितली. तो विडी ओढत म्हणाला, "हरवला कुठे होता? आम्हाला कोणी विचारलं का?"

यात आणखी एक भानगड आहे, ती नीट समजून घ्या. एवढी वर्षं पक्षी का मिळाला नाही? एक कारण असं, की कागद खोटा होता. माइनर्ट्झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. मोठा नावाजलेला माणूस. त्याने दाखवलं, की हा पक्षी आपण १९१४ साली गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवला. रासमुसेनबाईंनी तो नमुना तपासला तेव्हा चोरी उघड झाली. तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता, लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला. पुन्हा भुसा भरून, टाके घालून, त्याला नवी खोटी चिठ्ठी बांधलेली. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. बाईंनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या जागा धरल्या, आणि पक्षी सापडला.

हे ऐकून आपल्याला काय आठवतं? आपल्या बापजाद्यांनी जमीन खेडली, पण कागदावर आपण नाही. दंड घेतला, पावती दिली नाही. कोंबडी नेली, त्याची तर पावती नसतेच. आणि वर विचारायचे, ३१ मार्च १९७८ च्या आधीचा पुरावा दाखवा. ३ मे २००२ ला दिल्लीहून पत्र निघालं, की सप्टेंबरअखेर अतिक्रमणं काढा. आपण लढलो, मोर्चे काढले. त्यानंतर १० ऑक्टोबरला महाराष्ट्र सरकारने ठराव काढला. मग गावपातळीवर तपासणी सुरू झाली आणि म्हाताऱ्या माणसांची साक्ष, जागेवरच्या खुणा हेही बघितलं जाऊ लागलं. म्हणजे आपलंही म्हणणं तेच, जे या पक्ष्याने दाखवून दिलं. कागद खोटा असू शकतो. जागेवर जा, तिथे काय आहे ते बघा, आणि तिथे राहणाऱ्याला विचारा.

आता मुख्य प्रश्न. या पक्ष्याचं रान कोणी संपवलं? फॉरेस्टवाले म्हणतात, तुम्ही. अभ्यासकांच्या लिखाणातही अतिक्रमण हे कारण दिलेलं असतं. ते वाचून राग येतो. पण रागाच्या आधी हिशेब मांडू.

सागाचे कूप कोणी तोडले? इंग्रजांच्या काळापासून ठेकेदारांनी आणि सरकारने. मजुरी आपली, माल त्यांचा. पोकळ झाड व्यापाराच्या कामाचं नाही म्हणून तेच आधी पाडलं, आणि रानपिंगळ्याला घर लागतं ते नेमकं पोकळ झाडात. पुढे सरदार सरोवर आलं. त्या धरणात बुडणाऱ्या आपल्याच भावांना वसवायला तळोद्याचं राखीव जंगल दिलं. १९९० मध्ये २,७०० हेक्टर, नंतर आणखी १,५०० हेक्टर. डेव्हिडसनने ज्या तळोद्यात हा पक्षी मिळवला, तेच हे तळोदं. त्या लोकांचा दोष नाही, त्यांचं घरदार बुडालं. पण आपण दोन एकर खेडली तर जंगल संपतं, आणि सरकारने चार हजार हेक्टर कापलं तर त्याला विकास म्हणायचं, हा कुठला न्याय?

हे झालं त्यांचं. आता आपलं.

आपण इथे एकमेकांशी खोटं बोलायला बसलेलो नाही. जुन्या प्लॉटच्या पलीकडे गेल्या काही वर्षांत काहींनी नवीन तोड केली आहे. कोणी पोटासाठी केली, कोणी दुसऱ्याने केली म्हणून केली, आणि कोणी गावातल्या पैसेवाल्याच्या सांगण्यावरून केली. मोह वेचताना खालचा पाला जाळतो आणि आग तशीच सोडून देतो, ती डोंगरभर जाते. पोरं गलोल घेऊन पिंगळ्याला मारतात. घुबड-पिंगळा अशुभ म्हणून मारतात, कोणी मंतरासाठी त्याची अंडी काढतो. शेतात उंदराचं औषध टाकतो. तो उंदीर खाऊन पिंगळा मरतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. हे सगळं आपण करतो. ते बंद करणं आपल्याच हातात आहे.

आणि हा पक्षी पुन्हा सापडल्यावर किती मोजला गेला? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी १४ ठिकाणी शोध घेतला. चारच ठिकाणी मिळाला. मोजले तर २५. आणखी कुठे असतीलही, पण तेव्हा मोजलेले एवढेच होते. आपल्या एका फळ्यावर याहून जास्त घरं असतात.

म्हणून त्या तरुण भावाला आमचं उत्तर असं. पिंगळा मारलास तर जमीन वाचणार नाही. १९७२ च्या कायद्यात तो पहिल्या यादीत आहे, मारणाऱ्याला जेल आहे. आणि मग फॉरेस्टवाल्यांना जो पुरावा कधी मिळाला नाही तो तू हातात देशील, की हे लोक जंगल सांभाळू शकत नाहीत. उलट पिंगळा जिवंत राहिला तर तो आपला साक्षीदार आहे. हा काही दाट, माणूस नसलेल्या जंगलातला पक्षी नाही. त्याला विरळ, मोकळं सागाचं रान लागतं, मध्ये गवताचे तुकडे, आणि जुनी मोठी झाडं. आपले पाडे, आपली गुरं, आपली शेतं याच रानाच्या कडेला आहेत, आणि तो इथेच टिकला. पण झाडं गेली तर तोही जाईल, आणि त्याच्यामागून आपला मोह, चार, डिंक, पाणी जाईल. जंगल नसलेली वनजमीन म्हणजे नुसता दगड. ती कोणाच्या नावावर असली तरी काय उपयोग?

अभयारण्याचंही समजून घ्या. गार्डच्या तोंडच्या शब्दाने अभयारण्य होत नाही. त्याच १९७२ च्या कायद्यात लिहिलंय, की हद्द जाहीर झाल्यावर कलेक्टरने लोकांचे हक्क तपासायचे, दावे ऐकायचे, आणि मगच पुढे जायचं. म्हणून कोणी असं सांगितलं तर घाबरायचं नाही. कागद मागायचा, तारीख लिहून ठेवायची, आणि लगेच संघटनेला कळवायचं.

आता आमची सूचना. आज मेळाव्याने हे ठराव करावेत, आणि प्रत्येक पाड्याने आपल्या बैठकीत पुन्हा करावेत:

१. दाव्यात दाखवलेल्या हद्दीच्या पुढे एक हातही नवीन तोड नाही. करील त्याचा दावा संघटना चालवणार नाही, तो कार्यकर्ता असला तरी.
२. ढोलीचं झाड, उभं वाळलेलं असलं तरी, पाडायचं नाही. आपल्या शेतात असेल तर त्याला गेरूचा पट्टा मारायचा.
३. मोहाखाली झाडून घ्यायचं, पाला जाळायचा नाही. आग दिसली तर सगळा पाडा धावणार.
४. गलोल, अंडी, मंतर बंद. उंदराचं औषध उघड्या शेतात टाकायचं नाही.

आणि सरकारकडे आपल्या मागण्या:

१. पक्ष्याचं नाव पुढे करून एकाही कसणाऱ्याला हुसकायचं नाही. दाव्यांची तपासणी आधी पुरी करा.
२. कूपात पोकळ आणि जुनी झाडं तोडणं बंद करा.
३. रानपिंगळ्याबद्दल जे काही ठरेल ते गावसभेत, आपल्या भाषेत, कागदासह सांगा.
४. पक्षी मोजायला आणि राखायला आमची पोरं-पोरी घ्या, रोजगार हमीच्या दराने तरी मजुरी द्या. रान त्यांच्या पायाखालचं आहे.

हे ठराव आपण फॉरेस्टला खूश करायला करत नाही आहोत. फॉरेस्ट खूश होणारही नाही. जमीन मागताना आपण म्हणतो की जंगल आमचं आहे. आमचं म्हटलं की सांभाळणं आलंच. आपल्या गायीला कोणी शेजाऱ्याच्या भरवशावर सोडतं का?

बैठकीतला तो तरुण आज इथे आला आहे. त्याला आम्ही सकाळी विचारलं, पिंगळा बघायला येतोस का? आला. नाल्याच्या वर, वाळलेल्या फांदीवर बसला होता, शेपटी हलवत. पोराने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "एवढासाच?" एवढासाच आहे, भाऊ. तरी त्याने ११३ वर्षं साहेबांना चुकवलं आणि आपली जागा सोडली नाही. आपणही सोडणार नाही.

आता ठरावांसाठी हात वर करा. बायांनो, मागे बसू नका, तुमचे हात आधी.

जंगल-जमीन कोणाची? आमची!
राखणार कोण? आम्ही!
जिंदाबाद!