गोरी नायिका आणि गावची वेस

'स्टार प्रवाह'वर 2019 ते 2023 या काळात 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. सावळी दीपा, तिच्या रंगावरून नाक मुरडणारी सासू सौंदर्या आणि त्या रंगासकट तिच्यावर प्रेम करणारा डॉक्टर कार्तिक. सावळी मुलगी नायिका झाली, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी दीपा साकारणाऱ्या रेश्मा शिंदे यांना मेकअपने सावळं केलं गेलं आणि रंगाचा तंटा बराचसा सासू-सुनेतच राहिला. पडद्यावरचा गोरेपणा नुसता आवडीनिवडीचा मामला नसतो. कोणी कोणाकडे मान वर करून पाहायचं, हे तो सांगतो. आणि आपल्याकडे ते आधीच जातीने ठरवलेलं असतं.

नगरजवळच्या अकोळनेरमध्ये घडणारा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी 2014मध्ये चित्रपटगृहांत आला. कैकाडी घरातला काळासावळा जब्या वर्गातल्या गोऱ्या, वरच्या जातीच्या शालूवर जीव टाकतो. नाक सरळ व्हावं म्हणून त्याला चिमटा लावतो, काळ्या चिमणीच्या राखेने ती वश होईल म्हणून रानोमाळ हिंडतो. तिच्याशी बोलायचं मात्र त्याला कधीच जमत नाही. त्याच वर्षी 28 एप्रिलला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून तो झाला, असा आरोप होता. 2017मध्ये आरोपी निर्दोष सुटले. असंच अमेरिकेतल्या मिसिसिपीत 1955 साली गोऱ्या बाईशी सलगी केल्याच्या आरोपावरून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ठार मारलं गेलं. तिथेही ज्युरीने आरोपींना सोडलं.

कोणी म्हणेल, आपल्याकडे रंग आणि जात यांचा मेळ कुठे आहे? सवर्णांत काळे आणि दलितांत गोरे भरपूर आहेत. खरं आहे, आणि म्हणूनच कोणाला गोरं दाखवायचं ही निवड ठरते. मंजुळे यांच्याच 'सैराट'मधल्या आर्चीचा दरारा रंगाचा नाही, पाटलाच्या घराचा आहे. ती आपणहून खालच्या मानलेल्या जातीतल्या परश्यावर प्रेम करते, तरी शेवट खुनातच होतो. दुसरा आक्षेप असा, की शालू पडद्यावर जवळजवळ मुकीच राहते, मग 'फँड्री'नेही गोऱ्या मुलीची बाहुलीच केली. तो रास्त आहे. पण जब्याला ती तेवढीच दिसू शकते, कारण गावाची अब्रू म्हणून जपलेल्या मुलीचं मत कोणीच विचारत नाही. तेव्हा मालिकावाल्यांना सांगणं एवढंच: दीपासारखीच्या रंगाबरोबर तिचं आडनाव आणि वस्तीही सांगा. मग सासूचं मन वळायला किती भाग लागतात, ते कळेल.