धावून जाणारा शब्द



स्नातकांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे नोकरीचे अर्ज आता इंग्रजीत जातील. त्या भाषेतला एक शब्द मी आज तुमच्यासाठी निवडला आहे. बोलण्यात तो आता क्वचितच येतो, जुन्या पुस्तकांत मात्र हमखास भेटतो. शब्द आहे ‘सकर’. संकटात सापडलेल्याला केलेली मदत, असा त्याचा अर्थ.

‘हेल्प’ हा इंग्रजीचा घरचा शब्द. ‘असिस्ट’ आणि ‘सकर’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. असिस्टच्या मुळाशी जवळ उभे राहणे आहे, तर सकरच्या मुळाशी धावणे. लॅटिन क्रियापद ‘सुक्कुरेरे’. त्यात ‘सुब’ म्हणजे खाली आणि ‘कुरेरे’ म्हणजे धावणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘सुकुर्स’ झाले आणि इंग्रजांनी शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून गाळून टाकला. तुम्ही पूर्ण केलेला ‘करिक्युलम’ही याच कुरेरेच्या कुळातला. मराठी माणसाला यात परके काही वाटू नये. आपणही मदतीला धावतो, आणि फारच अडचणीत आलो की देवाला ‘धाव’ म्हणतो.

मला त्यातला ‘खाली’ मोलाचा वाटतो. उंचावर उभे राहून हात पुढे करणे वेगळे आणि ओझ्याखाली जाऊन खांदा लावणे वेगळे.

कोथरूडमध्ये हे सांगायला लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. कर्वे पुतळ्यावरून तुम्ही रोज येता-जाता. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली आणि 1900 मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. आजचे कर्वेनगर तेव्हा माळरान होते. कर्वे दिवसा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत, संध्याकाळी हिंगण्याला चालत जात, मुलींना शिकवीत, रात्री तिथेच राहत आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला येत. पावसाळ्यात वाट चिखलाची असे. स्वतः विधवेशी विवाह केला म्हणून समाजाने त्यांना आधीच दूर लोटले होते. वर्गणी पाठवून ते मोकळे झाले असते, तरी त्यांना कुणी नावे ठेवली नसती. पण ते रोज जात राहिले.

त्याहूनही मला पार्वतीबाई आठवले यांच्याबद्दल बोलायचे आहे, कारण त्यांचे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकले असेल याची मला शंका आहे. कर्व्यांच्या पत्नी बाया यांच्या त्या बहीण. तरुणपणीच वैधव्य आले, पदरी मूल होते. आश्रमात त्या शिकल्या आणि मग आश्रमासाठीच गावोगाव व्याख्याने देत निधी गोळा करू लागल्या. इंग्रजी यावे आणि संस्थेसाठी पैसे उभे करता यावेत म्हणून 1918 मध्ये, पन्नाशीकडे झुकलेल्या असताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. जिला आधार हवा होता, तीच आधार द्यायला समुद्रापार गेली! कर्व्यांना 1958 मध्ये भारतरत्न मिळाले; पण त्यांच्या कामाची खरी परीक्षा माझ्या मते पार्वतीबाईंच्या या प्रवासातच झाली होती. जी मदत घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवते, ती अर्धवट मदत.

आज मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवता येतात. जरूर पाठवा, त्याने औषधे येतात, फिया भरल्या जातात. पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कुणाला तुमच्या शिक्षणाची गरज आहे, ते शोधा. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून तिथे जा, पावसातही जा. आणि हे काम पुढे त्यांच्यापैकी कोण हाती घेईल, याचा शोध पहिल्या दिवसापासून सुरू करा.